द डॅफी डॉक (१९३८) : आयर्न लंगचा गॅग आणि हॉस्पिटलच्या कार्टूनचं टायमिंग

पेन्सिलतासे

हॉस्पिटलमध्ये घडणाऱ्या जुन्या कार्टूनपटांत अभ्यासाला घ्यावा असा माझ्या मते 'द डॅफी डॉक'. लिओन श्लेसिंगरच्या स्टुडिओत बॉब क्लॅम्पेटनं केलेला, लूनी ट्यून्स मालिकेतला, काळापांढरा, २६ नोव्हेंबर १९३८ ला प्रदर्शित झालेला. संगीत कार्ल स्टॉलिंगचं, डॅफी (बदक) आणि पोर्की (डुक्कर) दोघांचे आवाज मेल ब्लँकचे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॅफी हा डॉ. क्वॅकचा मदतनीस. ऑपरेशन चालू असताना त्याचं डोकं फिरतं, ऑक्सिजनच्या पिशवीवर तो मुष्टियोद्ध्यासारखे ठोसे मारत सुटतो. डॉक्टर त्याला उचलून बाहेर फेकतो तो थेट आयर्न लंगमध्ये (रुग्णाचा श्वास चालवणाऱ्या पेटीत). तिथून सुटल्यावरही अंग ऐकत नाही, कधी हा भाग फुगतो कधी तो. मग अपमान धुऊन काढायला त्याला स्वतःचा रुग्ण हवा असतो. रस्त्यानं चाललेला धडधाकट पोर्की सापडतो, त्याच्या डोक्यात मोगरी घालून त्याला 'आजारी' केलं जातं. मग स्वतःच्याच डोक्यात मोगरी मारून घेऊन डॅफी आणखी दोन डॅफी उभे करतो आणि तिघं मिळून सल्लामसलत करतात. करवत, पळापळ, आणि शेवटी दोघंही त्याच यंत्रात.

हा फुगण्याचा गॅग (दृश्य विनोद) विद्यार्थ्यांसाठी ३० सेकंदांचा स्वाध्याय म्हणून बसवायचा आहे. पात्र वेगळं, गॅगची जात तीच. अडचण अशी की पंपाचा ठेका धरला की पात्र पिस्टनसारखं दिसतं, मऊपणा जातो. आणि मऊपणा आणायला गेलं की ठेका जातो. जाणकारांनी फ्रेमच्या हिशेबात बोलावं ही विनंती. 'मनापासून काढा, आपोआप जमेल' छाप सल्ले नकोत.

चोविसावी_फ्रेम

धागा आवडला. आधी एक गोष्ट ठरवून घ्या: आवर्तन (एकदा फुगून ओसरणं) १६ फ्रेमचं धरा. २४ फ्रेमच्या सेकंदात दीड आवर्तन, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. १२ चं धरलंत तर १२० ठोके, ८ चं धरलंत तर १८०. टूजवर (एक चित्र दोन फ्रेम धरून) काम करत असाल तर ८ फ्रेममध्ये चारच चित्रं बसतात, आणि चार चित्रांत फुगणं, थांबणं, ओसरणं हे तिन्ही डोळ्याला पोचत नाही. तेव्हा ८ हा शेवटचा वेग, सुरुवातीचा नाही.

१६ ची वाटणी अशी करा. पहिल्या ६ फ्रेममध्ये फुगणं, पुढच्या ४ मध्ये ताणून धरणं, ४ मध्ये ओसरणं, २ विश्रांती. टूजवर ही आठ चित्रं. मूळ आकार १०० धरला तर डोक्याची मापं १०५, १२०, १५५, मग १५० आणि १५३, मग ११५, ९०, शेवटी १००. पिस्टन दिसतो तो अंतरं समान ठेवल्यामुळे. १००, ११५, १३०, १४५ असं काढलंत की डोळ्याला यंत्र दिसणारच, कितीही सुबक रेघ असो. १२० वरून एकदम १५५ वर उडी हवी, आणि परत येताना १०० च्या खाली जाऊन मग १०० वर स्थिरावणं हवं. ती ९० ची चिमटलेली अवस्था बहुतेक जण गाळतात आणि मग विचारतात रबर का दिसत नाही.

ताणून धरतानाची १५० आणि १५३ ही जोडी म्हणजे थरथर. तिथे एकच चित्र चार फ्रेम धरलं तर फुगा गोठतो.

पेन्सिलतासे

चोविसावी, एक्स-शीटवर (फ्रेमवार चित्रांच्या तक्त्यावर) चढवलं. ठेका आला. पण अजून एक खोट आहे: डोकं मोठं होतं तेव्हा ते 'फुगलं' असं न वाटता 'जवळ आलं' असं वाटतं. कॅमेरा पुढे सरकल्यासारखं.

चोविसावी_फ्रेम

याची दोन कारणं असतात आणि बहुधा दोन्ही एकदम असतात.

पहिलं, रेघ. व्हेक्टरवर डोकं निवडून मोठं केलंत की बाह्यरेषाही त्याच पटीत जाड होते. ३ पिक्सेलची रेघ १५० टक्क्यांत साडेचार पिक्सेलची झाली की मेंदू म्हणतो वस्तू जवळ आली. सॉफ्टवेअरमध्ये रेघेची जाडी स्थिर ठेवायची खूण असते ती लावा, नाहीतर टोकाची दोन चित्रं हातानं काढा. डोळे आणि चोच डोक्याच्या पटीत वाढवू नका. डोकं १५० वर गेलं तर डोळे ११० पुरे. कातडी ताणली जाते, डोळा ताणला जात नाही.

दुसरं, हवा कुठून आली? स्क्वॉश-स्ट्रेचचा (चेपण्या-ताणण्याचा) पहिला धडा घनफळ कायम ठेवण्याचा. एक भाग फुगताना दुसरा आक्रसला पाहिजे. डोकं १५० वर असताना पोट ८० वर, पाय ७० वर. पुढच्या ठोक्याला पोट फुगतं, डोकं ९० वर येतं. अंगातली हवा इकडून तिकडे पळतेय असं दिसलं की 'जवळ आलं' हा भास आपोआप मरतो. आणि सगळे भाग एकाच फ्रेमला सुरू करू नका. डोकं १ ला, पोट ५ ला, पाय ९ ला. चार-चार फ्रेमचा हा मागोवा ठेवलात तर १६ च्या आवर्तनात साखळी फिरत राहते, कुठेही सगळं अंग एकदम थांबत नाही.

भिंगवाली

यात भर. डॅफी काळा आहे हे विसरू नका. काळ्या पात्राच्या अंगावर आतला आकार दिसत नाही, दिसते ती फक्त कड. हात पोटासमोर आला की हात नाहीसा. म्हणून फुगतानाची प्रत्येक टोकाची पोज आधी निव्वळ काळ्या ठशात भरून बघावी. काय फुगलंय ते ठशावरून कळलं नाही तर आत कितीही तपशील भरा, फुकट.

त्याच्या मानेवरचा पांढरा पट्टा या गॅगमध्ये फार कामाचा. डोकं आणि धड दोन्ही फुगत असताना पट्टा होता तेवढाच ठेवायचा. ती एकच जागा ताणली जात नाही म्हणून बाकीचं ताणलेलं कळतं. तुमच्या पात्राला पट्टा नसेल तर कॉलर द्या, मनगटाला घड्याळ द्या, काहीतरी न फुगणारं हवंच.

उंटावरचे_डॉक्टर

कलेतलं कळत नाही, यंत्राचं सांगतो. आयर्न लंग हार्वर्डमधल्या फिलिप ड्रिंकर आणि लुई अ‍ॅगासिझ शॉ यांचं. पहिला वापर ऑक्टोबर १९२८, बॉस्टनचं मुलांचं हॉस्पिटल, पोलिओनं श्वास अडलेली आठ वर्षांची मुलगी. सुरुवातीच्या यंत्रात हवा ओढायला चक्क व्हॅक्यूम क्लीनरचे पंप होते. १९३१ मध्ये जॉन एमर्सननं भात्याची, हलकी आणि स्वस्त आवृत्ती काढली.

रुग्णाचं डोकं पेटीबाहेर असतं, मानेभोवती रबरी कॉलर घट्ट. पेटीतला दाब कमी झाला की छाती वर उचलली जाते आणि बाहेरची हवा नाकातोंडातून आत जाते. दाब परत वाढला की छाती बसते, हवा बाहेर. म्हणजे यंत्र हवा 'भरत' नाही, छातीभोवती पोकळी करतं. डॅफीसारखा आख्खा जीव आत कोंबला तर नाकासमोरचा दाबही छातीभोवतीच्या दाबाइतकाच खाली जातो, फरक राहत नाही आणि हवा हलतच नाही. अंग फुगणं तर दूरच, साधा श्वासही होणार नाही.

वेगाचंही बघा. मिनिटाला १६ श्वास धरले तर एक श्वास पावणेचार सेकंदांचा, तुमच्या हिशेबात ९० फ्रेम. तुमचं १६ फ्रेमचं आवर्तन त्याच्या साडेपाचपट जलद.

१९३८ च्या प्रेक्षकाला हे यंत्र परकं नव्हतं. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेत रूझवेल्टनं पोलिओसाठी राष्ट्रीय संस्था उभी केली, लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी गोळा होत होती. त्या वर्षी हे यंत्र विनोदाला घेणं मला तरी जरा अंगावर येतं.

खारीक

डॉक्टरसाहेब, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. यंत्रात अडकतो तो आजारी माणूस नाही, धडधाकट आगाऊ बदक आहे. आजाऱ्याला हसलेलं त्या पटात कुठे दिसत नाही. रुग्ण म्हणून आणलेला पोर्कीसुद्धा ठणठणीत असतो, हाच तर विनोद.

उंटावरचे_डॉक्टर

मान्य. तरी त्या काळी घरात पोलिओचं मूल असलेल्या प्रेक्षकाला हसू आलं असेल का, ही शंका राहतेच. असो.

चोविसावी_फ्रेम

डॉक्टरांनी दिलेला ९० चा आकडा सोन्यासारखा आहे. पहिलं आवर्तन ९० नाही तरी ४८ फ्रेमचं ठेवा. यंत्र शांतपणे काम करतंय, पात्र निवांत. प्रेक्षकाला यंत्राची खरी चाल कळली की मगच तिचा वेग वाढवण्यात गंमत. त्यानंतर २४ ची दोन, १६ ची दोन, १२ ची तीन, ८ ची चार. हे ४८+३२+३६+३२ असे १४८ फ्रेम, म्हणजे सहा सेकंदांच्या किंचित वर. आणि मग पूर्ण १६ फ्रेम काहीही हलवायचं नाही. त्या होल्डनंतर एकच पाय ८ फ्रेममध्ये फुगून बसतो. हसू तिथे येतं, आधीच्या सहा सेकंदांत नाही.

ठोकामास्तर

संगीताच्या बाजूनं. स्टॉलिंग १९३६ मध्ये श्लेसिंगरकडे आला, त्याआधी काही काळ डिस्नेकडे होता. डिस्नेकडे असतानाच, १९२९ च्या सुमाराला, वादकांच्या कानात ठराविक फ्रेमवर टिकटिक वाजवायची पद्धत त्यानं वापरात आणली. दिग्दर्शक आधी बार शीटवर (संगीताच्या मात्रांच्या तक्त्यावर) ठोका ठरवतो, १२ चा की १० चा, आणि चित्रं त्या ठोक्यावर बसतात. म्हणजे संगीत मागून चिकटवलेलं नसतं, चित्राचा सांगाडाच ठोक्याचा असतो. मोगरी डोक्यात बसते तीही ठोक्यावर.

तुमच्या वेगवाढीत एक खड्डा आहे. २४, १६, १२, ८ हे ६०, ९०, १२०, १८० ठोके झाले. ६० वरून १२० आणि १२० वरून १८० हे कानाला सरळ जातं, कारण एकपट, दुप्पट, तिप्पट. १६ चा टप्पा म्हणजे दीडपट, तिथे वाजवणारा अडखळतो. आपल्याकडे पखवाज्याला दीडपट नवी नाही, पण ब्रास बँडच्या चालीला ती सांधा सुटल्यासारखी लागते. संगीत ठेवायचं असेल तर १६ ची दोन आवर्तनं काढून टाका आणि १२ ची पाच करा. ३२ फ्रेम गेल्या, २४ आल्या, एकूण १४०. १६ हवेच असतील तर तेवढ्या भागात वाद्यं बंद ठेवून फक्त भात्याचा आवाज ठेवा.

चित्राचं टोक आवाजाच्या ठोक्यावर नेमकं ठेवलं तर चित्र बरेचदा उशिरा वाटतं. ५ व्या-६ व्या फ्रेमवर जे १५५ चं चित्र आहे त्याचा 'फुस्स' ६ व्या फ्रेमला सुरू करा. चित्र एक फ्रेम आधी चालतं, दोन आधीही चालतं. आवाज चित्राच्या आधी आला तर मात्र लवकर खटकतो.

अवांतर: बार शीट, एक्स-शीट ही शिस्त मुंबईत आली ती फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तिथे शिकवायला आले होते आणि अ‍ॅनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

काळीपांढरी

कुठल्या प्रतीवरून फ्रेम मोजणार आहात ते आधी बघा, नाहीतर सगळे आकडे चुकतील.

मूळ फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम. सात मिनिटं म्हणजे १०,०८० फ्रेम, ६३० फूट. जालावरची प्रत ३० ची असेल तर मूळच्या दर चार फ्रेमच्या पाच झालेल्या असतात. १६ चा ठोका तिथे २० दिसतो आणि टूजवरची चित्रं २-३-२-३ अशी वेडीवाकडी धरलेली दिसतात. ते पाहून 'क्लॅम्पेट टायमिंग मोडायचा' असे शोधनिबंध लोक लिहितात. २५ ची, जुन्या युरोपीय टीव्हीवरची प्रत असेल तर फ्रेम जशाच्या तशा मिळतात, पण सगळं चार टक्के जलद. सात मिनिटांचा पट ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो, आवाजही जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. मोजायला २५ ची प्रत चालेल, ऐकायला नाही.

रंगीत प्रत दिसली तर आणखी सावध. हे काळेपांढरे लूनी ट्यून्स टीव्हीवर विकायला म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिण कोरियात हातानं पुन्हा गिरवून रंगवायला सुरुवात झाली. गिरवताना मधली चित्रं गाळली, पार्श्वभूमी नव्यानं आणि ढोबळ काढली. अशा प्रतीत चित्र जिथे उगाच चार-चार, सहा-सहा फ्रेम धरलेलं दिसतं तिथे मूळची इनबिटवीन्स खाल्लेली असतात. १९९० च्या दशकातली संगणकानं रंगवलेली आवृत्ती मूळ चित्रांवरच रंग चढवते, तिथे टायमिंग शाबूत, फक्त करडे रंग गेले.

भिंगवाली

करड्याचा विषय निघालाच आहे तर, जुन्या पद्धतीनं सेलवर (पारदर्शक पत्र्यांवर) करणाऱ्यांसाठी (अजून काही संस्थांत एक तरी शॉट तसा करून घेतात). अ‍ॅसिटेटचा सेल पूर्ण पारदर्शक नसतो. वर एक सेल चढला की खालचा करडा किंचित काळवंडतो. म्हणून तळाच्या थरावरचा पांढरा कोट आणि चौथ्या थरावरचा पांढरा कोट वेगवेगळ्या शेडनं रंगवावा लागतो. हॉस्पिटलच्या दृश्यात हे फार नडतं, कारण भिंत, चादर, कोट, पट्ट्या, सगळंच पांढऱ्याच्या आसपास.

शॉटच्या मध्येच थरांची संख्या बदलली, समजा डॉक्टरचा हात वेगळ्या सेलवर आला आणि १२ फ्रेमनं गेला, की आख्खी पार्श्वभूमी एकदा काळवंडून परत उजळते. पडद्यावर तो झटका दिसतो. उपाय सोपा: शॉटभर थर मोजून ठेवायचे, हाताचं काम नसेल तेव्हा त्याच्या जागी कोरा सेल. चारच्या वर थर जाऊ देऊ नका.

डिजिटलवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचा उलटा आहे: सगळे पांढरे हुबेहूब सारखे येतात आणि चादरीवरचा हात दिसेनासा होतो. भिंत ८० टक्के उजळ, चादर ९०, कोट पूर्ण पांढरा, एवढा फरक तरी ठेवा.

खारीक

क्लॅम्पेटचं कौतुक पुरे, आता फ्लायशर स्टुडिओकडे या. 'हॉस्पिटॅलिकी', एप्रिल १९३७, पॉपाय (पालक खाऊन ताकद येणारा खलाशी). त्याची मैत्रीण ऑलिव्ह नर्स. पॉपाय आणि त्याचा प्रतिस्पर्धी ब्लूटो तिला भेटायला येतात तर आत फक्त आजाऱ्यांना प्रवेश. झालं, दोघांची चढाओढ: आधी कोण जखमी होतो! आणि दोघंही इतके दणकट की काही केल्या हाड मोडत नाही. शेवटी पॉपाय काय करतो, तर आपलं पालक ब्लूटोच्या तोंडात कोंबतो, ब्लूटोकडून यथेच्छ मार खातो आणि स्ट्रेचरवरून ऑलिव्हपाशी पोचतो.

मालिकेचा ठरलेला साचा उलटा करून दाखवायचा तर तो प्रेक्षकाला आधी पाठ असावा लागतो. १९३३ पासून चार वर्षं पालक खाऊन ब्लूटोला बडवून झालं होतं, म्हणून १९३७ मध्ये हे चाललं. पहिल्याच पटात केलं असतं तर कोणी हसलं नसतं. तुमच्या ३० सेकंदांत साचा रुजवायला वेळच नाही, तेव्हा या वाटेला जाऊ नका.

यातलं घेण्यासारखं वेगळंच आहे. फ्लायशरकडे पॉपायपटांत चित्रं आधी आणि आवाज नंतर अशी रीत होती. जॅक मर्सर पॉपायचा आवाज देताना पडद्याकडे बघत पुटपुटायचा, ओठ हलोत न हलोत. मे क्वेस्टेल ऑलिव्ह, गस विकी ब्लूटो. ओठ जुळवायची सक्ती नसली की दिग्दर्शक नुसत्या हालचालीवर टायमिंग ठरवू शकतो, आणि पुटपुटणं रिकाम्या जागा भरतं. विद्यार्थ्यांचा वेळ लिपसिंकवर जात असेल तर हा मार्ग दाखवा: पात्राच्या तोंडावर सर्जनचा मास्क बांधा! हॉस्पिटलच आहे, कोण विचारतंय. भुवया आणि मास्कच्या कापडाची फुगवटी एवढ्यावर बोलणं निभतं. शब्दाच्या आघाताला मास्क दोन फ्रेम बाहेर, दोन फ्रेम आत.

हीच गोष्ट १९४५ मध्ये फेमस स्टुडिओजनं रंगात पुन्हा केली. शेवट बदलला: इतका खटाटोप करून आत शिरल्यावर कळतं की हे कुत्र्यामांजरांचं हॉस्पिटल आहे. मला मूळचा शेवट सरस वाटतो. नव्या शेवटात पाटी वाचून हसायचं, जुन्यात पॉपायच्या स्वभावावर.

उंटावरचा_नव्हे_बैलावरचा

सगळं ठीक, पण 'हॉट क्रॉस बनी' (१९४८, रॉबर्ट मॅककिम्सन) कसा राहिला? बग्ज हा प्रयोगाचा ससा, डॉक्टरला त्याचा मेंदू कोंबडीशी बदलायचा आहे. चहूबाजूंनी गॅलरीत डॉक्टर मंडळी बसलेली. बग्ज त्यांना नाचून, विनोद सांगून रिझवायला बघतो आणि एकही चेहरा हलत नाही.

काटकसर शिकायची तर तो शॉट बघा. दगडी चेहऱ्यांचा समुदाय म्हणजे एकच चित्र, कितीही सेकंद धरून ठेवा. एरवी धरून ठेवलेला घोळका मेलेला दिसतो. इथे तो मेलेलाच दिसायला हवा. सगळी मेहनत बग्जवर.

चोविसावी_फ्रेम

+१. फक्त एक: असा घोळका धरताना त्यात कोणाच्याही डोळ्यांची उघडझापसुद्धा घालू नका. एक पापणी हलली की प्रेक्षक तिथे बघतो आणि विनोदी पात्राकडे दुर्लक्ष होतं.

रोजनिशी_नाही

'टमी ट्रबल' (१९८९) कोणीच घेतला नाही? रॉजर रॅबिटचा पहिला छोटा पट, दिग्दर्शक रॉब मिंकॉफ. बेबी हर्मन खुळखुळा गिळतो, रॉजर त्याला हॉस्पिटलात नेतो, मग खुळखुळा रॉजरच्या पोटात जातो आणि ऑपरेशनच्या टेबलावर रॉजर. गॅगची घनता भयंकर आहे, पळापळ वन्सवर (दर फ्रेमला नवं चित्र).

चोविसावी_फ्रेम

घेतला नाही कारण विद्यार्थ्यांनी त्याची नक्कल केली की घात होतो. वन्सवर ३० सेकंद म्हणजे ७२० चित्रं, टूजवर ३६०. दुप्पट मेहनत करून हाती काय, तर गुळगुळीत धावपळ. त्यात दोन गॅगच्या मधली मोकळी जागा फार कमी, एक हसू संपायच्या आत दुसरं येतं. माझ्या लेखी तो दमवणारा पट आहे. कारागिरी अफाट, श्वास नाही. वन्स फक्त दोन ठिकाणी वापरा: कॅमेरा पॅन होत (आडवा सरकत) असताना पाय जमिनीवर टेकणारा भाग, आणि थरथर. पॅन प्रत्येक फ्रेमला सरकतो आणि पात्र टूजवर असतं तेव्हा पाय घसरताना दिसतात, म्हणून.

पेन्सिलतासे

मंडळी, खजिना उघडलात. दोन गोष्टी अजून. डॅफीसारखा चिरका आवाज हवाय, पण सॉफ्टवेअरमध्ये पट्टी चढवली की आवाज पातळ होतो, धार येत नाही. दुसरं, शेवटच्या पळापळीत कॉरिडॉरचा पॅन डोळ्यात टोचतो.

ठोकामास्तर

आवाजाचं: 'वेळ तीच ठेवून पट्टी चढवा' असा पर्याय तुम्ही वापरत असणार. तो बंद करा. ब्लँकचा डॅफीचा आवाज मंद बोलून घेऊन जलद वाजवलेला असायचा, म्हणजे पट्टी आणि वेग बरोबरच चढायचे. तीन अर्धस्वर चढवायचे तर वेग १.१९ पट. १० सेकंदांचं बोलणं ८.४ सेकंदांत बसतं, म्हणजे २४० फ्रेमचं २०२ च्या आसपास. तेव्हा आधी आवाज चढवून घ्या, मगच एक्स-शीटवर अक्षरं उतरवा. उलट केलंत तर सगळं लिपसिंक वाया.

बोलणाऱ्यानं मुद्दाम सावकाश आणि प, ब, ट, क यांवर जोर देऊन बोलायचं. नेहमीच्या वेगानं बोललं तर चढवल्यावर ही अक्षरं एकमेकांत मिसळतात. चार अर्धस्वरांच्या पुढे जाऊ नका, पुढे शब्द कळत नाहीत. मंद बोलताना सूर पडतो तोही सांभाळायला हवा, वाक्याचा शेवट मुद्दाम उचलून धरायचा.

भिंगवाली

कॉरिडॉरचं: दारं सारख्या अंतरावर काढलीत ना? आणि फरशीचे चौकोनही? १९२० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत पॅन दर फ्रेमला ६० पिक्सेल सरकत असेल आणि फरशीचा चौकोन १२० पिक्सेलचा असेल, तर प्रत्येक फ्रेमला रेघ आधीच्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध येते. डोळ्याला ती पुढे गेली की मागे हेच ठरवता येत नाही, म्हणून टोचतं. ७० चं सरकणं घेतलंत तर फरशी चक्क उलटी जाताना दिसेल.

फरशीचे चौकोन २४० किंवा त्याहून मोठे करा, किंवा उभ्या रेघा काढूनच टाका आणि फक्त आडव्या ठेवा. आडव्या रेघांना पॅनचा त्रास नाही. दारांची अंतरं असमान ठेवा: ५२०, ४३०, ६१०, मध्ये एखादं स्ट्रेचर, एखादा सलाइनचा स्टँड. दाराची चौकट आणि भिंत यांतला उजेडाचा फरक निम्म्यावर आणा. उभ्या कडांना पॅनच्या दिशेनं २०-३० पिक्सेलची धूसरता द्या, पण पात्राच्या थराला ती लागू देऊ नका.

पॅनची पट्टी फिरून फिरून वापरणार असाल तर ती किमान तीन पडद्यांइतकी लांब हवी, ५,७६० पिक्सेल. ६० च्या वेगानं ९६ फ्रेम, चार सेकंद. त्याहून आखूड पट्टी घेतली तर तेच स्ट्रेचर दुसऱ्यांदा आलेलं लोक ओळखतात. स्ट्रेचरसारखी ठळक वस्तू पट्टीवर रंगवूच नका, वेगळ्या थरावर ठेवून एकदाच जाऊ द्या.

पेन्सिलतासे

फरशी १२० चीच होती. २४० करून बघतो, आणि ठोकामास्तरांचं १४० फ्रेमचं गणितही लावतो. एक्स-शीट तयार झाली की इथेच खाली चढवेन, चिरफाड करा.

चोविसावी_फ्रेम

चढवा. तिच्यात १६ फ्रेमचा होल्ड शाबूत दिसला पाहिजे. संकलनाच्या वेळी पहिली कात्री त्याच्यावरच चालते.